मदत हवी आहे: डिझेल गाडी चालू होत नाही, दोनदा पैसे घालून झाले

फुटाळाकाठ, शनिवार रात्री ११:४०
लोकहो, डोकं फिरून राहिलं आहे. गाडी चालू होत नाही. सेल्फ फिरतो, भरपूर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. आधी बॅटरी नवीन टाकली, साडेपाच हजार. मग गॅरेजवाला म्हणाला हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) गेले, चारही बदलले, मजुरीसकट तीन हजार. दोन दिवस बरं वाटलं, आज पुन्हा तेच. आता तो म्हणतो इंजिनला डिझेल पुरवणारा पंप उतरवावा लागेल. सोमवारी पहाटे आईला घेऊन अमरावतीला लग्नाला निघायचं आहे. पंपाच्या कामाला किती लागतात? नागपुरात कोणी भरवशाचा माणूस आहे का? लवकर सांगा प्लीज.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, गाडी कोनती हाय थे त सांगतलंच नाही. आमी काय अंतर्यामी हाओ काय? किती साली घेतली, किती फिरली, कायीच नाही. म्हने लवकर सांगा.

फुटाळाकाठ
डिझेल म्हटलं ना. २०१२ ची, १.३ लिटर, कॉमन रेल. १ लाख ४२ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव घेतलं की इथे मारामाऱ्या लागतात, म्हणून घेत नाही.

निवृत्त_फोरमन
बाळा, थंडी पडली आहे, दुसरं काही नाही. नागपूरची थंडी लोक हलक्यात घेतात. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हा आमच्या कॉलनीतल्या निम्म्या डिझेल गाड्या ढकलून चालू केल्या होत्या. तुला प्लग लोकल टाकून दिलेले दिसतात. प्लगची वायर काढून मल्टिमीटरने रोध मोज. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. चारही ठीक असतील तर प्लगला करंट सोडणारा रिले बघ. चावी फिरवल्यावर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबतोस ना? आजकालच्या पोरांना तेवढा धीर नसतो.

कोथरूडचा_कट्टा
२०१२ ची डिझेल? विका आणि मोकळे व्हा. दहा वर्षांवरची डिझेल गाडी आता चालवताच येत नाही. पुढची इलेक्ट्रिक घ्या.

धरमपेठची_ताई
दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठी आहे हो. नागपुरात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते, वर पर्यावरण कर भरायचा. माझी २०१० ची डिझेल याच महिन्यात आरटीओत दाखवून आणली, एमएच ३१ चीच आहे. विकण्याचा सल्ला त्यांनी मागितलेला नाही.

कोथरूडचा_कट्टा
ताई, मी फक्त व्यवहाराचं बोललो. त्या पैशात ईएमआय सुरू होतो.

रामटेक_रोडस्टर
एअर फिल्टर काढा आणि आत स्टार्टिंग स्प्रेचे दोन फवारे मारा. एका सेल्फमध्ये चालू, गॅरंटी. आमच्या जेसीबीला रोज असंच करतो.

धरमपेठची_ताई
हे कृपया करू नका. हीटर प्लग लाल झालेला असताना आत स्प्रेमधलं ईथर गेलं तर भलत्या वेळी भडका उडतो आणि पिस्टन नाहीतर कनेक्टिंग रॉड जातो. आणि ज्या मशीनला रोज स्प्रे लागतो ते मशीन आजारी आहे, रोडस्टर भाऊ.

फुटाळाकाठ, मला आधी एवढं सांगा. त्रास थंड इंजिनला होतो की गरम? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि पांढरा की काळा? तेव्हा आरपीएमचा काटा थोडा तरी उठतो का? आणि डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला? हे कळल्याशिवाय कोणी पंपाचं नाव काढू नये.

फुटाळाकाठ, रविवार सकाळी ७:१५
सकाळी तर अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. आत्ताही झाली. त्रास फक्त गरम झाल्यावर. काल सीताबर्डीला गेलो, दहा मिनिटांत काम उरकून आलो तर चालू होईना. अर्धा तास रस्त्यावर उभा. मग जणू काही झालंच नाही अशी चालू झाली. हे मी वर लिहिलं होतं ना?

वऱ्हाडी_ठेचा
नाही लिहिलं बापा. पुरा धागा हीटर प्लगवर गेला अन् गाडी सकाळी चालूच होते म्हनतेस! मंग त्या प्लगचे तीन हजार काहून देल्ले?

निवृत्त_फोरमन
गरम इंजिनला त्रास असेल तर प्लगचा संबंध नाही, हे मान्य. पण मला सांगितलं कुठे?

पंप_नोझल_वाडी
मी वाडीला डिझेल लॅबमध्ये, म्हणजे पंप-इंजेक्टर तपासून दुरुस्त करतात तिथे, काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

कॉमन रेलमध्ये पंप डिझेल दाबून रेल नावाच्या एका जाड नळीत भरतो आणि तिथून ते सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चार इंजेक्टरला जातं. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बारच्या पुढे दाब झाला नाही तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून सेल्फ फिरत राहतो, धूरही येत नाही. आता इंजेक्टर झिजला असेल तर आतल्या आत डिझेल रिटर्नच्या नळीत निसटतं. थंड डिझेल जरा जाड असतं, कमी निसटतं, दाब बनतो. गरम डिझेल पातळ होतं आणि जास्त निसटतं. सेल्फच्या हळू फिरण्यात पंप ते भरून काढू शकत नाही. अर्ध्या तासात थंड झालं की गाडी पुन्हा चालू. तुमचं वर्णन हुबेहूब हेच आहे. प्लग टाकल्यावरचे दोन दिवस तुम्ही बहुतेक गरम गाडी बंदच केली नसेल.

दुसरा संशय क्रँक सेन्सरवर, जो इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवतो. तोही गरम झाला की झोपतो. पण त्यात सहसा सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावर पडून राहतो. ताईंनी काट्याचं विचारलं ते यासाठीच. पंप उतरवायचं सगळ्यात शेवटी.

निवृत्त_फोरमन
एवढं पुराण कशाला? गाडी चालू ठेव, एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट पान्याने ढिला कर. ज्याचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. मी हयातभर डेपोत हेच केलं.

पंप_नोझल_वाडी
काका, हात जोडतो, हे नका सांगू. तुमच्या वेळच्या इनलाइन पंपाला ते चालायचं. इथे चालू गाडीत रेलचा दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून बोट सडायला लागतं, ऑपरेशनच करावं लागतं. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

निवृत्त_फोरमन
हजार बार? आमच्या वेळी दोनशेला नोझल सुटायचं. बरं, माघार घेतो. पण तुमच्या लॅबवाल्यांना स्कॅनर लावल्याशिवाय सेल्फचा आवाजही कळत नाही, हेही खरं आहे.

रामटेक_रोडस्टर
इंजेक्टर असेल तर टाकीत पाच लिटर रॉकेल टाका, सगळं धुऊन निघतं. नाहीतर टू-टी ऑइल, टू-स्ट्रोक गाड्यांचं.

पंप_नोझल_वाडी
रॉकेलला वंगण नसतं. हाय प्रेशर पंपाला वंगण फक्त डिझेलचंच. तुमच्या रॉकेलने इंजेक्टर वाचेल न वाचेल, पंप मात्र नक्की बसेल, आणि त्याचा चुरा पुन्हा चारही इंजेक्टरमध्ये.

रामटेक_रोडस्टर
टू-टीचं काय मग? त्यात तर वंगण आहे.

धरमपेठची_ताई
टू-टीचा वेगळा धागा काढा, इथे लग्न आहे.

वऱ्हाडी_ठेचा
लग्नावरून आठोलं, अमरावतीले जुन्या हायवेनं जाजा. समृद्धीवर बंद पडली त चहाची टपरी बी सापडनार नाही. जुन्या रस्त्यानं कोंढाळी लागते, तळेगाव लागते, कोनी ना कोनी धक्का माराले भेटते. अन् निंघाच्या आधी केपीचे, म्हंजे कस्तुरचंद पार्कचे, तर्री पोहे खाऊन घ्या.

कोथरूडचा_कट्टा
तर्री पोहे म्हणजे पोह्यांवर रस्सा ओततात तेच ना? असं का करतात?

वऱ्हाडी_ठेचा
याले ब्लॉक करा कोनी.

फुटाळाकाठ, रविवार दुपारी २:३०
काटा बघितला. गाडी गरम करून बंद केली, सेल्फ मारला. काटा दोनशेच्या जवळ उठतो, पण गाडी चालू होत नाही. धूर अजिबात नाही. रविवार म्हणून लॅबा बंद. आई उद्या लालपरीने जाते म्हणाली, अर्ध्या तिकिटात. वर म्हणाली, "तुझ्या गाडीपेक्षा ती वेळेवर निघते." मी मंगळवारी वाडीच्या लॅबमध्ये जातो. फिल्टरचं राहिलं: गाडी सेकंडहँड घेतली २०२१ मध्ये, तेव्हापासून बदलल्याचं आठवत नाही. ऑइल मात्र वेळेवर बदलतो.

धरमपेठची_ताई
फिल्टर चार-पाच वर्षं तसाच? त्याच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो तो तरी कधी उघडला? डिझेलच्या जुन्या गाडीत लोक ऑइल बदलतात, पॉलिश करतात, सीट कव्हर घालतात, आणि फिल्टरमधलं पाणी कोणालाच आठवत नाही. बाहेरचं डिझेल कधी घातलंय का? पेट्रोल पंपाशिवाय कुठलं?

फुटाळाकाठ
नाही. म्हणजे एकदाच. २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांचा संप झाला, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा काटोलला काकांच्या शेतावरच्या ड्रममधून वीस लिटर घातलं होतं. मग सोयीचं वाटलं म्हणून अजून दोन-तीनदा. त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही.

पंप_नोझल_वाडी
एकदाचे चारदा झाले. फिल्टर उघडताना सांगा, त्यातलं डिझेल पारदर्शक बाटलीत ओतायला लावा आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. आणि रिटर्न टेस्ट, म्हणजे कोणत्या इंजेक्टरमधून किती डिझेल परत निसटतं ते, तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या.

फुटाळाकाठ, मंगळवार रात्री ९:०५
झालं. जसं घडलं तसं सांगतो. मुद्दाम गाडी तापवून वाडीच्या एका लॅबमध्ये नेली. स्कॅनरवर गरम सेल्फला रेलचा दाब ११० ते १२० बारमध्येच डुलत होता. मग थंड झाल्यावर चालू केली आणि त्या पोराने चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून सलाइनच्या चार रिकाम्या बाटल्यांत सोडल्या, बॉनेटला दोरीने टांगून. पहिली, दुसरी आणि चौथी तळाला जेमतेम ओली झाली. तिसरीत डिझेल डोळ्यांदेखत चढत होतं, चार बोटं भरली तेव्हा त्याने गाडी बंद केली. म्हणजे पंप ठणठणीत, तिसरा इंजेक्टर गेलेला. गॅरेजवाल्याने पंप उतरवला असता तर?

फिल्टरचं डिझेल काचेच्या बाटलीत ओतलं. वर पिवळं, खाली दोन बोटं चहासारखं तांबडं पाणी. तिसऱ्या इंजेक्टरच्या आतल्या छोट्या व्हॉल्ववर भिंगातून गंजाचे खड्डे दिसले, त्याने मला दाखवले.

निवृत्त_फोरमन
आता चारही बदल. एक नवा आणि तीन जुने म्हणजे बैलगाडीला एक बैल आणि एक घोडा.

पंप_नोझल_वाडी
काका, बाकी तिघांचं रिटर्न मर्यादेत असेल तर चौघांचा खर्च कशाला? फक्त टाकी आणि लाइन धुतल्याशिवाय बसवू नका, नाहीतर दोन महिन्यांत तोच गंज चौथ्यात. खालचं तांब्याचं वॉशर नवीनच घ्या, आठ-दहा रुपये वाचवायला जुनं टाकतात आणि मग तिथून गॅस सुटतो. आणि इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने गाडीत भरला का विचारा. नाही भरला तर गाडी आयडलला हलते आणि लोक इंजिनखालचे माउंटिंग बदलत बसतात.

फुटाळाकाठ
टाकी उतरवून धुतली, तिसरा रिपेअर केला, वॉशर नवीन, कोड भरला, फिल्टर ब्रँडेड. एकूण अकरा हजार दोनशे. येताना मुद्दाम तीन ठिकाणी थांबलो, वाडी नाक्याला चहा, रविनगरला किराणा, घराजवळ पानठेला. तिन्हीदा गरम गाडी एका सेल्फमध्ये.

निवृत्त_फोरमन
छान. पण हीटर प्लग बदललेस ते वाया नाही गेले, जानेवारीत आठवण काढशील.

फुटाळाकाठ
काकांना फोन केला. त्यांच्या ड्रमला खाली तोटी आहे, उघडून बघा म्हटलं. बादलीत आधी पेलाभर तांबडं पाणीच आलं. ड्रमचं झाकण पावसाळाभर उघडं होतं म्हणे. आणि ट्रॅक्टर परवापासून उचल खात नाही, तो मिस्त्री पंप उतरवा म्हणून राहिला आहे.

वऱ्हाडी_ठेचा
ट्रॅक्टर कोनता हाय? साल लिव्ह.