मदत हवी आहे: दिवाळीत शेल्टरमधल्या कुत्र्या-मांजरांना घरं कशी शोधावीत? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी नाशिकबाहेरच्या एका छोट्या शेल्टरला हातभार लावतो. सध्या तिथे जागा नाही. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं, मांजरी आणि मोठी देशी कुत्री, सगळी दाटीवाटीने आहेत. शेल्टरच्या काकूंचं म्हणणं, दिवाळीत माणसं घरी असतात, पोरांना सुट्टी असते, तर आधीच्या रविवारी दत्तक शिबिर उरकून टाकू. शिवाय सणाला कामाची मुलं गावी जातात, मग एवढ्यांचं करणार कोण? तेही खरंच.

मला धास्ती फटाक्यांची आहे. नव्या घरात कुत्र्याला माणसं ओळखीची व्हायलाच काही आठवडे जातात. त्याआधीच पार्किंगमध्ये हजाराची लड लागली, तर उघडं दार दिसेल तिकडे ते पळणार. स्वतःचं नवं नावही ज्याला माहीत नाही, त्याला इंदिरानगरच्या गल्ल्यांत हाका मारून काय उपयोग? आणि शाळा सुरू झाल्यावरचे फोन वेगळेच: "ताई, परत घेऊन जा, सारखं भुंकतं."

मळ्यात राखणीला कुत्रं हवं, असे दिंडोरी-मखमलाबादकडचे फोनही येतात. तिकडे बिबट्याचा वावर. रात्री बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताटच. पण म्हणून शेतकऱ्यांना सरसकट नाही म्हणायचं का?

शिवाय मोठ्या कुत्र्यांना कुणी विचारत नाही. एक काळी आहे, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच. माणूस दिसला की बाकीची जाळीवर उड्या मारतात, ही भिंतीला पाठ लावून शेपटीचं फक्त टोक हलवते. लोक शेजारच्या पिल्लांचे फोटो काढतात आणि पुढे जातात.

शिबिर आधी घ्यावं की नंतर? अनुभवी लोकांनी सांगा.

पाथर्डीफाटा: नंतर. भाऊबीज होऊन आठवडा जाऊ दे. आणि लस पूर्ण न झालेली पिल्लं मैदानावर आणूच नका. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यापेक्षा व्हिडिओ दाखवा आणि ज्याला खरंच हवंय त्याला शेल्टरवर बोलवा. जो तेवढंही येत नाही, तो पुढे रोज फिरवायला काय नेणार?

माऊवाली: शिबिर नंतर घ्या, पण दिवाळीपुरते पाहुणे म्हणून ठेवणारी घरं आत्ताच शोधा. वसुबारस ते भाऊबीज. गंगापूर रोड, कॉलेज रोडला मुलं परदेशी असलेली किती घरं आहेत, त्यांना सणाला घरात कुणीतरी हवंच असतं. घेणाऱ्यांना बजावून सांगा: अंधार पडायच्या आत फिरवून आणा, गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही, गळ्यात मोबाईल नंबर. आवाज सुरू झाला की आतल्या खोलीत, खिडक्या बंद, टीव्ही चालू. मनाने झोपेची गोळी नको. काही गोळ्यांनी अंग सुस्त पडतं, भीती तशीच राहते. आणि फराळ! आपण नाशिककर, प्रेमाने द्राक्षं, बेदाणे पुढे करतो. कुत्र्याच्या किडन्या त्याने निकामी होऊ शकतात. बेदाण्याचा लाडू, चॉकलेट, सगळं वर ठेवा.

सेक्रेटरी_नाही: "सोसायटीत परवानगी नाही" म्हणणाऱ्यांना सांगा, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. भाडेकरू असेल तर घरमालकाचं पत्र आधी घ्या, नंतरची रडारड वाचते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार दत्तक घेतलेलं भटकं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची आहे. फॉर्मवर हे ठळक छापा.

मळेकरी: ताई, आम्हाला सरसकट नाही म्हणू नका. एकच विचारा, रात्री कुत्रं कुठे असणार? "घरात" किंवा "बंद शेडमध्ये" म्हणाला तर जाऊन शेड बघा, दाराला कडी आहे का तेही बघा. "राखणीलाच तर पाहिजे, बाहेरच राहील" म्हणाला तर चहा पिऊन परत या. खिळ्यांचा पट्टा घालतात आमच्याकडे, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काकूंशी बोलले. शिबिर पुढे ढकलायला तयार झाल्या, पण अटीवर: वसुबारसेपर्यंत निदान मोठ्या कुत्र्यांसाठी तरी पाहुणचाराची घरं मिळाली पाहिजेत. @माऊवाली, तुमच्या माहितीतल्या आजी-आजोबांना काळी चालेल का? शांत आहे, जिना चढते, मांजरांच्या वाटेला जात नाही. आणि मोठ्या मापाचे हार्नेस नाशकात स्वस्त कुठे मिळतील? जुने चालतील.