मदत हवी आहे: वृद्धी आणि विकास यांच्या उत्तरात माझं नक्की कुठं चुकलं?

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. कालच्या टेस्टमध्ये 10 पैकी 3. सरांनी लाल पेनानं एवढंच लिहिलंय, 'वृद्धी आणि विकास एकच समजलास.' व्याख्या पाठ आहेत हो! वृद्धी म्हणजे देशाचं उत्पन्न वाढणं, विकास म्हणजे माणसाचं जगणं सुधारणं. घोळ उदाहरणात झाला.

मी आमच्याच गावाचं लिहिलं होतं, हडपसरच्या पुढचं. आजोबा ज्या रानात ऊस लावायचे तिथं आता बारा मजली सोसायटी आहे. चुलत्यांनी जमीन दिली, बंगला बांधला, दारात फॉर्च्युनर. पण रोज सकाळी सहाला टँकर येतो आणि आई पाईप धरून उभी राहते. परसातली विहीर बोअरच्या नादात कधीच आटली. मी लिहिलं, जमिनीच्या पैशानं जीडीपी (देशात वर्षभरात नव्यानं तयार झालेल्या वस्तू-सेवांची एकूण किंमत) वाढला, म्हणजे विकास झाला, पाण्याचं काय, होईल हळूहळू.

आणखी एक, वृद्धी कमी असूनही विकास होतो का?

प्रतिसाद (कोथरूडचे काका):
बाळा, पहिली चूक सरांच्याही नजरेतून सुटलेली दिसते. जमीन विकल्याचा पैसा जीडीपीत येतच नाही. जमीन होती तीच, फक्त सातबारावरचं नाव बदललं. दलालाची दलाली येते, वर उभी राहिलेली इमारत येते.

आता टँकर बघ. त्याला दिलेले पैसे जीडीपीत जमा. विहिरीच्या पाण्याला पावतीच नव्हती. म्हणजे विहीर आटली तर आकडा वाढला, आणि तुझ्या आईची सकाळ गेली. हेच उदाहरण लिही, पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा वजनदार आहे.

दुसऱ्या प्रश्नाला केरळ. 1970 च्या दशकात दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी, पण साक्षरता आणि आयुर्मान पुढे. अर्थात शाळा-दवाखाने चालवायला पैसा लागतोच, तेव्हा वृद्धी नकोच असं लिहू नकोस. 1990 साली आलेल्या मानव विकास निर्देशांकातही आयुर्मान आणि शिक्षणासोबत उत्पन्न आहेच.

आणि पुण्यात राहून दांडेकर-रथ विसरू नकोस. बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याचा हिशेब मांडला. पोटापुरत्या 2250 कॅलरी धरून, 1960-61 च्या किमतींनी माणशी महिना किमान खर्च खेड्यात 15 रुपये, शहरात 22.50. देशाचं उत्पन्न वाढलं तरी ते कुणाच्या ताटापर्यंत पोचलं, हा त्यांचा प्रश्न. तुझ्या उत्तरात नेमका तोच नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
काका, डोक्यात प्रकाश पडला. उत्तर पुन्हा लिहून काढतो. एकच राहिलं, चुलत्यांची फॉर्च्युनर जीडीपीत धरायची का?

कोथरूडचे काका:
नवी घेतली असेल तर धर. सेकंडहँड असेल तर जमिनीसारखंच, दलाली तेवढी.