घरासाठी प्रिंटर: इंकटँक की लेझर? (महिन्याला साधारण २०० पानं)

खाडीकाठ

मंडळी, मदत हवी आहे.

आमचा जुना कार्ट्रिजवाला प्रिंटर बाद झालाय. नवा घेताना पानामागचा खर्च कमीत कमी हवा, एवढीच अट धरून शोधायला बसलो आणि गोंधळ उलट वाढला.

गरज अशी आहे. बायको घरी शिकवण्या घेते, तिचे सराव पेपर हे मुख्य काम. मधूनच सातबारा, आधारची झेरॉक्स, सोसायटीची नोटीस. महिन्याला दोनशेच्या आसपास पानं, बहुतेक काळीच. रंगीत लागतं ते लेकीच्या शाळेच्या प्रकल्पाला, आणि ते नेहमी रात्री दहा वाजताच लागतं. मे महिन्यात शिकवण्या बंद, आम्हीही गावी, म्हणजे प्रिंटर महिनाभर झाकलेला. राहायला चिपळूण, त्यामुळे पावसाळ्यातल्या दमटपणाबद्दल वेगळं सांगायला नको.

आता हिशोब. एप्सन एल३२५० या इंकटँकला (म्हणजे कार्ट्रिजऐवजी टाकीत बाटलीने शाई ओतायची तो प्रकार) ००३ नंबरची शाई लागते. काळी बाटली ६५ मिलीची, कंपनी तिच्यात ४,५०० पानं होतात म्हणते. बाटली चारशेला धरली तरी पानाला नऊ पैसे. कंपनीचा आकडा निम्म्यावर आणला तर अठरा. पाचशे कागदांचं रीम तीनशे रुपयांना धरलं तर कोरा कागदच साठ पैशांचा. आणि पंधरा हजारांचा प्रिंटर पाच वर्षं चालला, बारा हजार पानं निघाली, तर मशीनचे पानामागे सव्वा रुपया! म्हणजे ज्या शाईसाठी मी डोकेफोड करतोय, ती या तिघांत सगळ्यात स्वस्त. नाक्यावर प्रिंटआउटला पाच रुपये घेतात, तेव्हा घरी घेणं परवडतंच.

तर प्रश्न असा, की जास्त वर्षं टिकेल काय? महिनाभर बंद राहिल्यावर इंकटँकचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, सुकतं का? की सरळ काळा-पांढरा लेझर घेऊन रंगीत पानांपुरतं दुकान गाठावं?

सुट्टे पैसे

हिशोब बरोबर आहे, फक्त निम्मा धरलात तो पहिल्या बाटलीपुरता खराच ठरेल. सुरुवातीला बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते. शिवाय दर हेड क्लीनिंगला थोडी शाई छपाई न होता पोटातल्या पॅडमध्ये जिरते. ते पॅड भरलं की प्रिंटर एक दिवस संप पुकारतो आणि सर्व्हिस सेंटर दाखवतो. काही मॉडेलांत ती पॅडची पेटी घरी बदलता येते, घेण्याआधी विचारून घ्या.

टिकण्याचं म्हणाल तर मी पानांच्या आकड्यापेक्षा हेड बघेन. एप्सन आणि ब्रदरच्या इंकटँकमध्ये हेड मशीनचाच भाग असतं. दर्जा उत्तम, पण कायमचं तुंबलं तर दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक नवा प्रिंटर घेतात. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या टँकवाल्यांत हेड काढून नवं बसवता येतं. महिनाभर बंद राहणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे.

दुसरं म्हणजे काळी शाई. एल३२५० च्या चारही शाया डाय प्रकारच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या आहेत. पानावर ओला हात लागला, मुलाने हायलायटर फिरवला, की अक्षर पसरतं. कॅनन जी३०१० मधली काळी शाई आणि एचपीच्या टँकवाल्यांची जीटी५३ ही काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते, ती बरीच तग धरते. सराव पेपर कोकणातल्या पावसात दप्तरातून जाणार असतील तर मी पिगमेंटच घेईन. फोटो छापायचे असते तर वेगळं बोललो असतो.

टोनरवाला

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे माझा कल लेझरकडे. टोनर ही पावडर आहे, ती सुकत नाही. महिना काय, सहा महिने बंद ठेवा, पहिलं पान स्वच्छ येतं. ब्रदर एचएल-एल२३२१डी दोन्ही बाजूंनी आपोआप छापतो. तुमच्याच हिशोबात कागद साठ पैसे आहे, पाठपोट छापलं की तो तीस झाला. शाईत एवढी बचत कोणी करून देणार नाही.

आता वाईट बाजू. ओरिजिनल टोनर महाग, पानाला रुपयाच्या आसपास जातो. रिफिल स्वस्त पडतं, पण भरणारा हात चांगला हवा, नाहीतर पानभर काळे ठिपके. या ब्रदरमध्ये ड्रम (टोनर कागदावर उतरवणारा रोलर) वेगळा असतो, तो १२,००० पानांना बदलायचा. शिवाय टोनर वितळवून कागदाला चिकटवणारा फ्यूजर तापताना बरीच वीज ओढतो, तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका. आणि त्यात स्कॅनर नाही, म्हणजे आधारची झेरॉक्स मोबाइलने फोटो काढूनच.

कोणताही घ्या, पावसाळ्यात रीमचं वेष्टन पूर्ण फाडू नका. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा. दमट कागद लेझरमध्ये वाकतो आणि एकाला एक चिकटून अडकतो.

खाडीकाठ

दोघांचेही आभार. पाठपोट छपाईचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण स्कॅनर आणि रात्री दहाचा रंगीत प्रकल्प या दोन गोष्टी घरात मंजूर करून घेणं अवघड आहे, त्यामुळे लेझर बाद. हेड बदलता येणारा, काळी शाई पिगमेंटची असलेला इंकटँक बघतो. पाठपोट हातानेच करू, आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटून सम.

मे महिन्याचं काय करायचं तेवढं सांगा.

सुट्टे पैसे

जायच्या आधी एक रंगीत नोझल चेक (हेड नीट चालतंय का ते दाखवणारं रेषांचं चाचणी पान) काढा, आल्यावर एक. एरवी आठवड्यातून एक पान रंगीत निघालं तर बहुतेक वेळा त्रास होत नाही. रेषा तुटल्या तर एक-दोनदा साधं क्लीनिंग, मग काही तास थांबा. डीप क्लीनिंगचा सपाटा लावू नका, शाई जाते आणि पॅड भरतं. हेडचं दुखणं मराठीत लवकर कळतं, शिरोरेषाच गायब होते किंवा मधोमध चिरते.

आणि प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, ते झाल्यावरच भिंतीवरचं. बटणाने बंद केल्यावर हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. थेट भिंतीवरून बंद केलं तर कधी कधी ते उघडंच राहतं आणि सुकतं.

दुकानात "भरून, चालू करून देतो" म्हणाले तर नको म्हणा. शाई घरी, प्रिंटर जागेवर ठेवल्यावरच भरा. भरलेली टाकी स्कूटरवर आडवी झाली की गळते.

टोनरवाला

वॉरंटीच्या कार्डावर वर्षांबरोबर पानांची मर्यादाही असते का ते बघा. आणि चिपळुणात सर्व्हिस आहे की रत्नागिरीला न्यावा लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा.