'चिपको'ला आपल्याकडं काय म्हणावं?

बालाघाटकर
शाळेच्या भिंतीवर झाडं वाचवायच्या 'चिपको' आंदोलनातल्या, उत्तराखंडच्या रैणी गावच्या बायकांचं चित्र काढायलोत. २६ मार्च १९७४, पुढं गौरादेवी आणि गावातल्या २७ बायका-पोरी. खाली एक ओळ हवी. मी 'झाडांना मिठी मारा' लिहिलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "गुरुजी, मिठी मानसाला मारतेत. झाडाला येंगतेत." सोबतचे सर म्हणतात, येंगणं म्हणजे चढणं, त्या बायका कुठं झाडावर चढल्या होत्या? कुणाचं धरू?

गोदाकाठ
मावशींचं. मूळ शब्द 'वेंग', म्हणजे दोन्ही हातांचा विळखा. कोकणात 'वेंगेत घेणं' अजून मिठीच आहे. शिडी नसली की खोड कवेत धरूनच वर सरकावं लागतं, म्हणून आपल्याकडं येंगण्याचा अर्थ चढणं झाला असावा.

सर्जाराजा
झाला ना? मग संपलं. आज औशापासून किनवटपर्यंत कुणालाही विचारा, 'येंग' म्हणलं की पोरगं वर चढतंय. व्युत्पत्तीनं भिंतीवरची ओळ वाचता येत नाही.

मराठीप्रेमी
'वृक्षालिंगन' हा नेमका शब्द असताना बोलीत का शिरायचं? 'चिपको' तर हिंदीच.

गोदाकाठ
चिपकणं आमच्या घरात रोज बोलतात. दखनी आणि मराठी इथं पिढ्यान्‌पिढ्या एका चुलीवर आहेत. वृक्षालिंगन पहिलीतल्या लेकराला वाचून दाखवा आणि त्याचं तोंड बघा.

अनुवाद करणारी
गढवालीत मिठीला 'अंग्वाल' म्हणतात. १९७३ मध्ये तिथल्याच मंडल गावच्या लोकांना वनखात्यानं औजारांसाठी अंगूची (ॲश) झाडं नाकारली आणि तीच खेळाचं सामान करणाऱ्या कंपनीला दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर जुवाला लाकूड नाही, रॅकेटला आहे. तिथनं हे पेटलं. पुढं १९८३ मध्ये कर्नाटकात सिरसीजवळच्या सळकणीत लोक झाडांना बिलगले, तर त्यांनी कानडीत 'अप्पिको' म्हणलं. त्यांना स्वतःचा शब्द सापडला, आपण अजून उसनाच वापरतो. मला 'कवेत घ्या' आवडेल.

जुना उस्मानाबादकर
सरळ 'जंगल सत्याग्रह' लिहा की.

गोदाकाठ
नका लिहू! १९३० च्या जंगल सत्याग्रहात, सांगलीकडच्या बिळाशीला काय आणि इतरत्र काय, लोकांनी कायदा मोडायला गवत-लाकूड तोडलं. आपल्याकडं निजामाविरुद्धच्या लढ्यात शिंदीची झाडं पाडली, सरकारचं आबकारी उत्पन्न बुडावं म्हणून. माझे आजोबा त्या रात्री सांगताना अजून हातानं कुऱ्हाडीचा घाव दाखवायचे. तिथं तोडणं हाच सत्याग्रह होता. रैणीत वाचवणं. लेकरं दोन्ही एकच समजतील.

सर्जाराजाची बहीण
तुम्ही सगळे मिठीतच अडकलात. त्या दिवशी रैणीतले पुरुष जमिनीच्या मोबदल्यासाठी चमोलीला गेले होते. तोडणारे आले तेव्हा बायका मधे उभ्या राहिल्या. जंगलाला त्या 'मायका' म्हणत होत्या, म्हणजे माहेर. आपल्याकडं याला 'आडवं होणं' म्हणतात. आमच्या गावात रस्त्यासाठी लिंब तोडायला आले तेव्हा माझी माय खोडाला पाठ लावून बसली. मिठी नाही, चढणं नाही. "आधी मला उचला" एवढंच म्हणाली. माणसं परत गेली. आठ दिवसांनी ती लग्नाला परगावी गेली, तेव्हा लिंब पाडला. आल्यावर दोन दिवस जेवली नाही. म्हणून म्हणते, 'झाडाला आडव्या झाल्या' असं लिहा.

मराठीप्रेमी
वाचून वाईट वाटलं, ताई. पण झाड 'कडुलिंब', लिंब म्हणजे लिंबू.

सर्जाराजा
आमच्यात लिंब म्हणजे लिंबच. आंबट फळाला लिंबू म्हणतेत. पाडव्याला काय खाता तुम्ही?

अनुवाद करणारी
'आडव्या होणं' चांगलंय, पण परगावच्या वाचकाला आडव्या म्हणजे झोपलेल्या वाटतील.

सर्जाराजाची बहीण
भिंत परगावात नाही.

जुना उस्मानाबादकर
राजस्थानात खेजडलीला १७३० मध्ये अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई झाडांसाठी मेले. ती खेजडी म्हणजे आपली शमी. आमच्याकडं सौंदड म्हणतात, दसऱ्याला पुजतो. कुणाच्या शिवारात अजून आहे का?

बालाघाटकर
आमच्या पांदीला एक आहे. रंग उद्या दुपारपर्यंतच पुरंल, ओळीची जागा मोकळी सोडलीय. मावशींना 'आडव्या झाल्या' वाचून दाखवलं. म्हणाल्या, "हे बी खरं हाय. पर येंगल्या बिगर आडवं कसं व्हनार?"