पाच वर्षांचा नियम आणि ताबा

आई-वडील वेगळे झाले, तर मूल पाच वर्षांचं झालं की त्याचा ताबा आपोआप वडिलांकडे जातो, असं कुणीतरी लिहिलंय. तसं अजिबात नाहीये. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं (१९५६) कलम ६ ताब्याबद्दल इतकंच म्हणतं की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. पाचनंतर काय, ते कलम १३ प्रमाणे मुलाचं हित बघून ठरतं.

दुसरं, ताबा (मूल कुणाकडे राहणार) आणि पालकत्व (त्याच्या वतीनं निर्णय आणि सह्या कोण करणार) यांची गल्लत नको. मूल आईकडे, पण सहीला वडीलच हवेत, हा घोळ जुना आहे. मुलाच्या नावावरच्या रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी वडिलांची सही मागितली, म्हणून लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ च्या त्या निकालानं वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक (कोर्टानं न नेमता कायद्यानंच मानलेली पालक) ठरू शकते, हे स्पष्ट केलं.

माझ्या मामेबहिणीच्या ताब्याच्या केसमध्ये बापलेकाची भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत व्हायची. खेळणी म्हणजे दोन चाकं निखळलेला ट्रक. भाचा सात वर्षांचा, पहिल्या भेटीत बापाकडे पाठ करून बसला. पुढच्या वेळी बापानं घरून सापशिडी आणली, मग गाडी रुळावर आली. (बापाला त्याआधी सापशिडी खेळताना कुणी पाहिलं नव्हतं, ते सोडा!)

आणि हो, ताब्याचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. परिस्थिती बदलली की अर्ज करून तो बदलून मागता येतो. संमतीनं तडजोड करत असाल तर दिवाळी-मे महिन्याच्या सुट्ट्या, शाळेची पालकसभा, व्हिडिओ कॉलची वेळ, सगळं आत्ताच लिहून घ्या. ‘सोयीनुसार’ हा शब्द मात्र वकिलाला खोडायला लावा.