विज्ञानकथेची मालिका किती चालावी? तुमचे अनुभव लिहा

जीव लावलेली एखादी विज्ञानकथा मालिका अर्ध्यात बंद पडली, किंवा संपायला हवी होती तेव्हा संपलीच नाही, असं तुमच्या बाबतीत झालं असेल तर इथे लिहा. उत्तम मालिकांची यादी नको. ती तुमच्या घरात कशी आली, कुणाबरोबर बघितली आणि शेवट पचला की नाही, हे वाचायला आवडेल.

सुरुवात मी करते. कोथरूडला आमच्याकडे केबल आली तेव्हा मी आणि ताई ‘द एक्स-फाइल्स’ला चिकटलो. आई-बाबा झोपल्यावर आवाज इतका बारीक ठेवायचो की निम्मे संवाद अंदाजानेच समजून घ्यावे लागत. झडपेतून अंग ताणून घरात शिरणारा टूम्स पाहिला आणि त्यानंतर कितीतरी रात्री बाथरूमच्या व्हेंटिलेटरकडे बघवत नव्हतं. एका भागात एक गोष्ट संपवणारे ते भाग आजही जसेच्या तसे आठवतात. पण ज्या प्रश्नासाठी आम्ही जागायचो, नायक मुल्डरच्या हरवलेल्या बहिणीचं नेमकं काय झालं, त्याचं उत्तर आलं सातव्या सीझनमध्ये. तोवर इतक्या शक्यता रचून मोडल्या होत्या की ते ऐकून ताई नुसती ‘बरं’ म्हणाली आणि उठून गेली. मालिका १९९३ ते २००२ चालली, नऊ सीझन, वर २०१६ आणि २०१८ मध्ये आणखी दोन.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. जिच्या गाभ्यात कोडं आहे, तिने उत्तर ठरवूनच पहिला भाग दाखवावा. जिच्यात दर भागाला नवी गोष्ट आहे, तिने खुशाल चालत राहावं. किती भाग ते यावरून ठरावं, प्रेक्षक किती जमले यावरून नव्हे.

वाकडहून

२०२० चा जून. दोन खोल्यांत आम्ही चौघं मित्र, ऑफिस तिथेच, स्वयंपाक तिथेच, भांडणंही तिथेच. रात्री ‘डार्क’. एकाच जर्मन गावातली चार घराणी, आणि १९५३, १९८६, २०१९ अशा तेहेतीस-तेहेतीस वर्षांच्या उड्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही दारामागे ड्रॉइंग शीट चिकटवला. चार घराण्यांना चार रंगांची स्केचपेनं, वर्तमानातल्या माणसाला चौकोन, भूतकाळातून आलेल्याला गोल. त्यातल्या मायलेकी एकमेकींच्याच आई आहेत हे उघड झालं, तेव्हा बाण कुठून कुठे काढायचा यावर रात्री दीड वाजता वाद झाला होता. तिसरा सीझन २७ जूनला आला. कथेत जगाचा विनाश होतो तीच तारीख! तीन सीझन, सव्वीस भाग, खेळ खल्लास. शीटवरची जवळजवळ सगळी प्रश्नचिन्हं आम्ही एकेक करून खोडली. ते समाधान मला दुसऱ्या कुठल्याच मालिकेनं दिलेलं नाही.

पण धागा काढणाऱ्या ताईंना एक विचारायचंय. ‘डार्क’ करणाऱ्या जोडीचीच पुढची ‘१८९९’ हीसुद्धा तीन सीझनचा बेत करूनच सुरू केली होती. एका सीझननंतर बंद केली. उत्तर ठरलेलं होतं, आमच्यापर्यंत पोचलंच नाही. मग?

सदाशिव पेठेतून

वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडचा. त्यावर दूरदर्शनचा ‘जायंट रोबॉट’. मूळ जपानी मालिका, सव्वीस भागांची. शेवटी सम्राट गिलोटिनच्या अंगात अणुशक्ती भरलेली असते, त्याच्यावर मारा केला तर पृथ्वीच उडायची. तेव्हा रोबॉट कुणाच्याही आज्ञेशिवाय, स्वतःहून, त्याला उचलून अवकाशात घेऊन जातो. खाली रोबॉटला आज्ञा देणारा मुलगा, जॉनी, मनगटावरच्या घड्याळात ‘परत ये’ म्हणून ओरडतोय. वाड्यातली झाडून सगळी पोरं रडली. मालकीणकाकूंनी आम्हाला गप्प करायला वड्यांचा डबा काढला होता. दुसरा सीझन आला असता तर रोबॉटला परत आणलं असतं, हे मला आता कळतं. न आला तेच बरं झालं.

नऱ्हे, मालिकांचा संकलक

गोरेगावला रोजच्या मराठी मालिकांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो.

दूरदर्शनच्या जमान्यात तेरा भागांची मंजुरी मिळायची. तेरात गोष्ट बसवायची हे माहीत असल्यामुळे लेखक शेवटाकडून मागे लिहीत यायचा. रोजच्या मालिका आल्या आणि सगळं फिरलं. गुरुवारी टीआरपी येतो, त्यावर पुढचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा ठरतो, आणि भागांची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, चार दिवसांची असली तरी युनिट खूश असतं. कौटुंबिक मालिकेत ते निभावतं. माणसं बदलतात, रागावतात, माफ करतात. आज एक वागलेली सासू उद्या दुसरं वागली तर घराघरात तसंच असतं. विज्ञानकथेत ही सोय नाही. भूतकाळात गेलेला माणूस तिथलं काही बदलू शकत नाही असं तिसऱ्या भागात सांगितलंत, तर ते तीनशेव्या भागातही पाळावं लागतं. ट्रॅक लांबवायला नियम मोडला की आधीचं सगळं खोटं पडतं. मी टेबलावर बसून पाहिलंय, ताणलेल्या ट्रॅकमध्ये पहिली कात्री लागते ती कारण सांगणाऱ्या प्रसंगाला. विज्ञानकथा उभी असते तीच त्या प्रसंगावर.

अमेरिकेतही लांबी गोष्टीवरून ठरत नव्हती. शंभरेक भाग झाले की छोट्या स्थानिक वाहिन्यांना रोज पुनःप्रक्षेपणासाठी विकता यायचे, खरा पैसा तिथे होता. म्हणून चौथ्या-पाचव्या सीझनपर्यंत रेटायची धडपड. ‘फ्रिंज’ बरोबर शंभर भागांवर २०१३ मध्ये संपली. ‘स्टार ट्रेक’ १९६६ ला सुरू झाली, दुसऱ्या सीझनमध्येच बंद व्हायच्या बेतात होती. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरा मिळाला. एकूण ७९ भाग. पण पुनःप्रक्षेपणाला तेवढे पुरले, आणि ती खरी घराघरात गेली ती बंद पडल्यानंतरच.

आता उलटं झालंय. वर्षाला बावीस भागांच्या जागी आठ-दहा, तेही खंड पाडून. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन २०२२ चा, दुसरा २०२५ चा. इतक्या अंतरानं प्रेक्षक कोडं विसरतो. मालिका लांब नको, पण सलग हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हडपसरहून

‘फायरफ्लाय’, २००२. हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी टाकली होती. चौदा भाग बनवले, अकरा दाखवले आणि बंद. पहिला भाग तर वाहिनीने सगळ्यात शेवटी लावला. पुढे एक सिनेमा निघाला, पण तिच्यातल्या अवकाशयानावर अजून पाच वर्षं राहायला मी तयार होतो.

गणेशखिंड, भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी

मला ‘द एक्स्पान्स’ने धरलं ते एका साध्या गोष्टीमुळे. यान अर्ध्या वाटेवर पोचलं की उलटं फिरतं आणि इंजिन पुढच्या बाजूला रोखून वेग कमी करत जातं. अवकाशात ब्रेक नसतो, म्हणून. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी भाग थांबवून रूममेटला उठवलं होतं. वळताना माणसांवर किती भार येतो, खुर्ची त्यांना औषध टोचते, संदेश पोचायला किती वेळ लागतो, सगळ्याचा हिशेब ठेवलाय. अशी मालिका २०१८ मध्ये तीन सीझननंतर बंद केली, तेव्हा चाहत्यांनी ती वाचवा असं लिहिलेला फलक विमानामागे बांधून ॲमेझॉनच्या कचेरीवरून फिरवला. आणि ती खरंच वाचली! सहा सीझन झाले. मूळ कादंबऱ्या नऊ आहेत, मालिका सहाव्यापाशी थांबते. तिथून पुढे कथेत मोठा काळ जातो, त्यामुळे थांबायला ती जागा योग्यच होती. तरी राहिलेल्या तीन पडद्यावर बघायची इच्छा माझ्या मनातून जात नाही.

(धागा काढणारी, वाकडच्या मित्राला: तुमचा प्रश्न रास्त आहे. यापुढे माझं म्हणणं असं, की पहिल्या सीझनच्या शेवटी निदान एक दार बंद करा. पुढचा मिळाला नाही तर प्रेक्षक उघड्यावर पडू नये.)

औंधहून, निवृत्त शिक्षिका

मी सगळ्यांच्या विरुद्ध. माझी मालिका कधीच संपू नये. ‘डॉक्टर हू’ १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. मुख्य नटाची तब्येत साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये नायक असलेल्या डॉक्टरचं शरीरच बदलतं, म्हणजे नवा नट येतो, अशी युक्ती काढली, आणि त्या एका युक्तीवर ती १९८९ पर्यंत चालली, २००५ ला पुन्हा उभी राहिली. लेक लीड्सला असताना तिच्याकडे मला ही गोडी लागली. आता नातू फोनवर विचारतो, ‘आजी, तुझा डॉक्टर कोणता?’ माझा डेव्हिड टेनंट, त्याचा वेगळा. आम्ही भांडतो. जी मालिका तीन पिढ्यांना अशी वाटून घेता येते, तिला शेवट कशाला हवा?

कर्वेनगरहून

धागा काढणाऱ्या ताईंच्या मुद्द्याला सगळ्यात जवळचं उदाहरण ‘बॅबिलॉन ५’. लेखकाने पाच वर्षांची गोष्ट आधीच बांधली होती आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. एखादा नट सोडून गेला तर कथा कशी वळवायची, हेही प्रत्येक पात्रासाठी ठरलेलं. पहिल्या सीझननंतर खुद्द नायकच गेला, तरी इमारत पडली नाही. मग चौथ्यात बंद होण्याची वेळ आली म्हणून त्याने गोष्ट आवरती घेतली, अखेरचा भागही चित्रित करून ठेवला. आणि पाचवा सीझन दुसऱ्या वाहिनीवर मिळाला! तो भाग मग वर्षभर बाजूला ठेवला आणि पाचव्याच्या शेवटी लावला. मी आणि बायकोने ही मालिका लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात डीव्हीडी आणून बघितली. चौथा सीझन धावतपळत जातो आणि पाचवा रेंगाळतो, हे अगदी जाणवतं. पाचवा जड गेला तर मधले भाग सोडा, पण शेवटचा गाळू नका, आणि तो चौथ्याच्या पाठोपाठ नको, पाचव्याचे निदान शेवटचे चार भाग बघून मगच लावा.