मदत हवी आहे: कीफ्रेम लावली की आकाशकंदील उजवीकडे उडी मारतो

अर्धवट_इंजिनिअर:
मामीच्या फराळाच्या ऑर्डरसाठी एका पानाची साइट करतोय. वर मधोमध आकाशकंदील टांगलाय, तो वाऱ्यावर झुलायला हवा. सीएसएसमध्ये (पानाच्या दिसण्याचा कोड) कीफ्रेम्स, म्हणजे कुठल्या क्षणी कंदील किती कललेला ते, लिहिल्या: ०% ला रोटेट -८ डिग्री, ५०% ला ०, १००% ला ८. झुलतो, पण पान उघडल्या उघडल्या टुणकन उजवीकडे जातो आणि तिथेच झुलत बसतो. शिवाय मध्येच उचकी लागल्यासारखा अडकतो. तीन तास गेले. मामीला आज रात्री लिंक द्यायचीय, लवकर सांगा.

खटपट्या:
कोड टाका. झुलण्याचा नको, कंदील मधोमध कसा आणलाय तो.

जिफवाले_काका:
एवढा उपद्व्याप कशाला? हलत्या कंदिलाची जिफ करा आणि डकवा. आमच्या सोसायटीच्या साइटवर चार वर्षं झुलतोय, कुणाची तक्रार नाही.

डॉलरचिन्ह:
जीसॅप (ॲनिमेशनची तयार लायब्ररी) घ्या, दोन ओळींत काम. हाताने कीफ्रेम कोण लिहितं आता?

खटपट्या:
@काका, जिफला रंग २५६ आणि अर्धपारदर्शकता नाहीच. कंदिलाच्या झिरमिळ्यांना करवतीसारखे दाते येतात. @डॉलरचिन्ह, एक कंदील हलवायला अख्खी लायब्ररी? माशी मारायला तोफ.

डॉलरचिन्ह:
तोफ नाही हो, उद्या त्यांना पणत्या पण हलवायच्या असतील.

अर्धवट_इंजिनिअर:
पणत्या नाहीयेत. आणि कोड वर लिहिलाय की.

खटपट्या:
वर लिहिलाय तो झुलण्याचा! लेफ्ट ५०% दिलं असेल, म्हणजे डावी कड मध्यावर. पुढे काय?

अर्धवट_इंजिनिअर:
पुढे ट्रान्सफॉर्म: ट्रान्सलेटएक्स(-५०%). सगळे तसंच करतात ना, म्हणून नाही लिहिलं. कंदील २२० पिक्सेल रुंद आहे, लागलं तर.

खटपट्या:
मग उडी ११० पिक्सेलची आहे, मोजून बघा. ट्रान्सफॉर्म ही एकच प्रॉपर्टी आहे, रोटेट (फिरवणं) आणि ट्रान्सलेट (सरकवणं) दोन्ही तिच्यातच. कीफ्रेममध्ये नुसतं रोटेट लिहिलंत की तेवढा वेळ आधीचं अख्खं ट्रान्सफॉर्म बाजूला पडतं, त्यात भर पडत नाही. कंदील अर्ध्या रुंदीने मागे ओढणारं ट्रान्सलेट गेलं, म्हणून तो उजवीकडे सरकला. तिन्ही कीफ्रेममध्ये ट्रान्सलेट पण लिहा.

चकलीप्रेमी:
चकली भाजणीची की तांदळाची? पुण्यात पार्सल मिळेल का?

मार्जिनकर:
ट्रान्सलेट काढा, मार्जिन-लेफ्ट -११० पिक्सेल द्या. आम्ही पंधरा वर्षं हेच करतोय.

खटपट्या:
मोबाइलवर कंदील लहान केला की तुमचे ११० तिथेच राहणार.

मार्जिनकर:
लहान करायचाच कशाला?

अर्धवट_इंजिनिअर:
तिन्हीत लिहिलं. आता उडी नाही, पण झुलता झुलता वर-खाली पण होतोय! आणि उचकी आहेच.

खटपट्या:
आधी रोटेट आणि मग ट्रान्सलेट लिहिलंत ना? तसं केलं की सरकणं तिरक्या झालेल्या अक्षावरून होतं. ८ डिग्रीला ११० पिक्सेल सरकला की एका टोकाला साधारण १५ पिक्सेल वर, दुसऱ्या टोकाला तेवढाच खाली. क्रम उलटा करा. त्याहून बरं म्हणजे ट्रान्सलेट आणि रोटेट आता स्वतंत्र प्रॉपर्टी म्हणूनही लिहिता येतात, २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतात. ट्रान्सलेट कंदिलावर ठेवा, कीफ्रेममध्ये फक्त रोटेट, म्हणजे एकमेकांच्या पायात येणार नाहीत. आणि ट्रान्सफॉर्म-ओरिजिन वरच्या कडेच्या मध्यावर द्या, नाहीतर कंदील दोरीतून न झुलता पोटातून डुलतो.

निवृत्त_रेषा:
उचकीचं मी सांगतो. मी कागदावर ॲनिमेशन केलेला माणूस. झोक्याची दोन टोकं मुख्य चित्रकार काढायचा, ती की-चित्रं. मधली चित्रं आम्ही नवशिके लाइटबॉक्सवर (खालून दिवा असलेली काच) भरायचो. सेकंदाला २४ फ्रेम, पण बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम चालवायचं, म्हणजे १२ चित्रं. की-चित्राच्या कडेला तो एक रेघ आखून द्यायचा, तिच्यावर बारीक खुणा: टोकांपाशी दाट, मध्ये विरळ. दाट म्हणजे हळू. झोका टोकाला रेंगाळतो, तळातून सुसाट जातो. तुम्ही तळातच, ५०% ला, की ठोकलीत, म्हणजे कंदिलाला "इथेही रेंगाळ" सांगितलंत.

खटपट्या:
निवृत्त_रेषा काकांनी नेमकं धरलं. टायमिंग फंक्शन (वेग कुठे कमी, कुठे जास्त) अख्ख्या ॲनिमेशनला एकदा लागत नाही, प्रत्येक दोन कीफ्रेमच्या मधल्या तुकड्याला वेगळं लागतं. काहीच दिलं नसेल तर ईज, आणि ईज तुकड्याच्या शेवटी मंदावतो. ५०% उडवा, ईज-इन-आउट (दोन्ही टोकांना हळू), आल्टरनेट (एकदा सुलट, एकदा उलट), इन्फिनिट (न थांबता) द्या. मधलं ब्राउझर भरतो, तोच आता नवशिक्या.

डॉलरचिन्ह:
जीसॅपमध्ये यातलं काहीच झालं नसतं.

भोवळ_येते:
एक विनंती. मला व्हर्टिगो आहे, हलती पानं बघून खरंच मळमळतं. प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशनची मीडिया क्वेरी घाला आणि तिच्यात ॲनिमेशन: नन. ज्यांनी फोनमध्ये हालचाल बंद केलीय त्यांना कंदील स्थिर दिसेल.

अर्धवट_इंजिनिअर:
झालं! ५०% काढल्यावर अगदी गॅलरीतल्यासारखा झुलतोय. व्हर्टिगोचं पण घातलं. निवृत्त_रेषा काका, त्या रेघेचा फोटो असेल तर टाका ना. @चकलीप्रेमी भाजणीची, पार्सलचं विचारून सांगतो.

अर्धवट_इंजिनिअर:
परत आलो. माझ्या फोनवर झुलतो, मामीच्या फोनवर ढिम्म हलत नाही. तिला लिंक पाठवलीय, ती म्हणते "कुठे हलतोय?"

खटपट्या:
फोन कुठला, ब्राउझर कुठला? प्रत्येक वेळी विचारायला लावता.

भोवळ_येते:
तिच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत "ॲनिमेशन काढा" चालू आहे का बघा. तसं असेल तर तुमची मीडिया क्वेरी बरोबर चाललीय.

अर्धवट_इंजिनिअर:
आहे चालू. मागच्या दिवाळीत फोन हँग होतो म्हणाली होती, तेव्हा मीच करून दिलं होतं.